जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा फॉल्ट कोड: गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी काय तपासावे

जुनी ऑटोमॅटिक गाडी एके दिवशी वरचा गिअर घेईनाशी होते, किंवा सिग्नलवरून निघताना जड निघते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘पी ०७५५’ असा काहीतरी क्रमांक दिसतो. त्यानंतर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते: क्रमांकासमोर ज्या भागाचे नाव असेल तो भाग मागवला जातो, नाहीतर ‘गिअरबॉक्सचे काम निघाले’ असे सांगून गिअरबॉक्स थेट खाली उतरवला जातो. हे दोन्ही निर्णय घाईचे असतात. कोड म्हणजे निदान नव्हे. गिअरबॉक्सच्या संगणकाला कोणती गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी आढळली, एवढीच ती नोंद असते. ती कशावरून झाली हे कळले, तर पुष्कळ वेळा गिअरबॉक्स न उघडताच दोष सापडतो, आणि उघडावाच लागला तर तो का उघडायचा याचे उत्तर मालकाजवळ असते.

येथे विचार केला आहे तो टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या, चार-पाच गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचा. २००३ मध्ये भारतात आलेली टोयोटा कोरोला, होंडा सिटी आणि सिव्हिक यांची त्या काळातील टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक रूपे, ह्युंडाईची सॅन्ट्रो आणि आय-टेन, मारुतीची एसएक्स-फोर अशा गाड्या या प्रकारात येतात. एएमटी, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या ऑटोमॅटिकच्या इतर प्रकारांची रचना निराळी असल्याने त्यांना पुढील तपशील जसाच्या तसा लागू होत नाही.

संगणकाला काय दिसते आणि काय दिसत नाही

या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद प्रथम टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जाते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑइल असते. दुसरे पाते पहिल्यापेक्षा नेहमी थोडे मागे राहते आणि त्यात इंधन वाया जाते, म्हणून वेग स्थिर झाल्यावर दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरणारा एक क्लच आत बसवलेला असतो. त्याला लॉक-अप क्लच म्हणतात. कन्व्हर्टरच्या पुढे दातेरी चक्रांचे संच आणि त्यांना धरणारे-सोडणारे क्लच असतात. हे क्लच ऑइलच्या दाबाने लागतात, आणि कोणत्या क्लचकडे ऑइल जायचे हे व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या ठोकळ्यावर, बसवलेले सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, ठरवतात.

गिअरबॉक्सच्या संगणकाला या यंत्रणेतील फार थोड्या गोष्टी प्रत्यक्ष कळतात. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचा वेग, बाहेर पडणाऱ्या दांड्याचा वेग, लिव्हर कोणत्या जागी आहे, ऑइलचे तापमान किती आहे, आणि इंजिनाकडून येणारी माहिती, म्हणजे इंजिनाचे आरपीएम, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, कूलंट किती तापले आहे, ब्रेक दाबला आहे की नाही. सोलेनॉइडला दिलेली वीज नीट पोहोचली की नाही, हेही त्याला समजते. एवढेच. क्लचच्या प्लेटा झिजल्या आहेत का, ऑइल काळे पडले आहे का, पातळी कमी आहे का, एखादे सील कडक होऊन गळते आहे का, यातले काहीही त्याला दिसत नाही. म्हणूनच ‘क्लच जळाला’ किंवा ‘ऑइल खराब’ असे थेट सांगणारा कोड या पिढीच्या गाड्यांमध्ये सहसा आढळत नाही. संगणक दोन वेगांची तुलना करून तर्क बांधतो, आणि तो तर्क बरोबर ठरण्यासाठी आधी ते दोन वेग बरोबर वाचले गेले पाहिजेत.

क्रमांक कसा वाचायचा

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल वर्षापासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी करून ठरावीक पद्धतीने कोड नोंदवण्याची व्यवस्था, सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी ती २००१ पासून आली. भारतात बीएस-फोर निकषांबरोबर २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की २०१० पूर्वीच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असला, तरी त्यातून सर्वसामान्य स्कॅनरला समजणारी भाषा बाहेर येईलच याची शाश्वती नसते. स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर अशा गाडीशी जोडला गेला नाही, तर गाडीचा संगणक बिघडला असा निष्कर्ष काढू नये.

कोडमधील ‘पी’ हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गटाचे असते. त्यापुढील पहिला अंक शून्य असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांसाठी एकच असतो. एक असेल तर तो त्या-त्या कंपनीने ठरवलेला असतो, आणि त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा लागतो. त्यानंतरचा अंक सात किंवा आठ असेल, तर विषय गिअरबॉक्सचा आहे.

यातील ‘पी ०७००’ या कोडने फार जणांची दिशाभूल होते. तो इंजिनाच्या संगणकात नोंदला जातो आणि त्याचा अर्थ फक्त इतकाच असतो, की गिअरबॉक्सच्या संगणकाने दिवा लावण्याची विनंती केली आहे. खरा कोड गिअरबॉक्सच्या संगणकात असतो. साधा स्कॅनर पुष्कळदा तिथपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा गॅरेजने नुसता ‘पी ०७००’ दाखवून खर्चाचा आकडा सांगितला, तर गिअरबॉक्सच्या संगणकातील कोड वाचून दाखवा असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे. तो वाचू शकणारा स्कॅनर दुसऱ्या गॅरेजमध्ये असेल, तर आधी तेथे जावे.

आणखी एक काळजी अगदी सुरुवातीला घ्यावी. कोड उडवून टाकण्यापूर्वी ते सर्व लिहून घ्यावेत आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, कूलंटचे तापमान आणि इंजिनावरील भार, यांचा फोटो काढून ठेवावा. कोड पुसला की ही माहितीही जाते, आणि पुष्कळ गाड्यांमध्ये बॅटरीची तार काढल्यानेही तेच होते. नव्वदच्या वेगात, इंजिन पूर्ण तापलेले असताना नोंदलेला कोड आणि सकाळी पार्किंगमधून निघता-निघता नोंदलेला कोड, यांची कारणे बहुधा वेगळी असतात.

तारेचा कोड आणि वर्तनाचा कोड

माझ्या मते या सगळ्यात मालकाने एकच भेद पक्का समजून घेतला तरी त्याचे निम्मे काम होते. कोड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा कोड विजेच्या मार्गाबद्दल बोलतो: तार तुटली आहे, अर्थ लागली आहे, सोलेनॉइडच्या गुंडाळीतून हवा तितका प्रवाह जात नाही. दुसऱ्या जातीचा कोड वर्तनाबद्दल बोलतो: वीज व्यवस्थित दिली, पण गिअरबॉक्सने अपेक्षित काम केले नाही.

‘पी ०७५३’ आणि ‘पी ०७५१’ हे दोन्ही कोड पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचे आहेत. मात्र ‘पी ०७५३’ म्हणजे त्याच्या विद्युत मार्गातील दोष, तर ‘पी ०७५१’ म्हणजे तो काम करीत नाही किंवा बंद स्थितीत अडकला आहे असा निष्कर्ष. लॉक-अपच्या बाबतीत ‘पी ०७४३’ हा तारेचा आणि ‘पी ०७४१’ हा वर्तनाचा कोड आहे. तारेचा कोड गाडी जागेवर उभी असतानाही, किल्ली फिरवल्यावर काही क्षणांतच परत येऊ शकतो, कारण संगणक तो विजेवरूनच ओळखतो. वर्तनाचा कोड गाडी चालवल्याशिवाय येत नाही. म्हणून कोड लिहून घेऊन, पुसून, इंजिन नुसते चालू ठेवल्यावर लगेच तोच कोड परत आला, तर क्लच आणि प्लेटा यांचा विचार बाजूला ठेवून तार, कनेक्टर आणि सोलेनॉइडची गुंडाळी यांच्याकडे वळावे.

ही तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. चालू-बंद प्रकारच्या शिफ्ट सोलेनॉइडचा रोध टोयोटाच्या अनेक जुन्या गिअरबॉक्सेसमध्ये २० अंश सेल्सिअसला साधारण ११ ते १५ ओहम, तर होंडात १२ ते २५ ओहम असतो. दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचा रोध मात्र पाच ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे दोहोंची गल्लत करू नये. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. मोजमाप गिअरबॉक्सच्या बाहेरील कनेक्टरवर करता येते, म्हणजे ऑइल पॅन, अर्थात गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे झाकण, न उघडता.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना १३ ओहम दाखवणारी गुंडाळी ९० अंशांना साडेसोळा ओहमच्या आसपास दाखवेल, आणि ती अगदी निरोगी असेल. उलट गाडी थंड असताना १३ आणि तापल्यावर एकदम अनंत, असा आकडा आला तर गुंडाळीतील तार उष्णतेने प्रसरण पावून सुटते आहे. ‘सकाळी गाडी ठीक असते, घाटात गेली की कोड येतो’ या तक्रारीमागे हे एक नेहमीचे कारण असते, आणि थंड गाडीवर कितीही वेळा मोजले तरी ते सापडत नाही. गाडी तापवून मोजावे.

वेग सांगणाऱ्या सेन्सरचीही तीच गत. ‘पी ०७१५’ हा आत शिरणाऱ्या दांड्याच्या वेगाचा आणि ‘पी ०७२०’ हा बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या वेगाचा कोड. जुन्या गाड्यांत हे सेन्सर बहुधा दोन तारांचे, चुंबक आणि गुंडाळी असलेले असतात. समोरून दातेरी चाक फिरले की त्यात किंचित एसी व्होल्टेज निर्माण होते. गिअरबॉक्समधील लोखंडाचा कीस या चुंबकाच्या टोकावर चिकटतो आणि संकेत दुबळा होतो. तेव्हा नवा सेन्सर आणण्यापूर्वी जुना काढून टोक पुसून पाहावे, आणि काढताना किती कीस निघाला याचीही नोंद ठेवावी, कारण ती पुढे उपयोगी पडते.

गुणोत्तराचे कोड

‘पी ०७३०’ आणि ‘पी ०७३१’ ते ‘पी ०७३६’ हे कोड गिअरचे गुणोत्तर, म्हणजे आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दांड्यांच्या वेगांचे प्रमाण, जुळत नसल्याचे सांगतात. ते पाहिले की ‘क्लच स्लिप होतोय’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरे असू शकते, पण त्याच कोडमागे आणखी दोन वेगळी कारणे लपलेली असतात. हे समजण्यासाठी अमेरिकेतील क्रायसलर कंपनीचा गिअरबॉक्स चांगला उपयोगी पडतो. १९८९ च्या मॉडेल वर्षात आलेला हा चार गिअरचा ‘ए-६०४’, जो पुढे ‘४१-टीई’ या नावाने ओळखला गेला, कंपनीच्या मिनिव्हॅनमध्ये लाखोंच्या संख्येने बसवला गेला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्याकडील अनेक कुटुंबांना या मिनिव्हॅन परिचित आहेत. क्लच भरायला किती ऑइल लागते हे मोजून, प्लेटा जसजशा झिजतील तसतशी आपली वेळ बदलणारा संगणक या गिअरबॉक्सला होता, आणि दोन वेगांची सतत तुलना करणे हाच त्याच्या विचाराचा पाया होता.

या गिअरबॉक्सची गुणोत्तरे पहिल्यापासून चौथ्या गिअरपर्यंत २.८४, १.५७, १.०० आणि ०.६९ अशी आहेत, रिव्हर्सचे २.२१ आहे. याचा अर्थ, दुसऱ्या गिअरमध्ये बाहेरचा दांडा मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर आतला १५७० घेतलाच पाहिजे. हे दातांचे गणित आहे. त्यात थोडेफार चालत नाही. संगणक दर क्षणी हा भागाकार करतो आणि उत्तर जुळले नाही की ‘पी ०७३२’ नोंदवतो. पण उत्तर कसे जुळले नाही, हे कोड सांगत नाही. ते स्कॅनरवर दोन्ही वेग एकाच वेळी पाहून आपण शोधायचे असते.

बाहेरचा वेग १००० असताना आतला १९०० दिसला, ॲक्सिलरेटर जास्त दाबला की २१०० झाला आणि सोडला की खाली येऊन १५७० वर बसला, तर गुणोत्तर दोन गिअरांच्या मध्ये तरंगते आहे. ही खरी स्लिप आहे. क्लच पुरेशा जोराने धरत नाही. दाब कमी असेल, सील गळत असेल किंवा प्लेटा झिजल्या असतील.

आता दुसरी शक्यता घ्या. दुसरा गिअर मागितला आहे, पण भागाकाराचे उत्तर अगदी स्थिर १.०० येते आहे, भार बदलला तरी हलत नाही. हे तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर आहे. म्हणजे काहीच घसरत नाही. गिअरबॉक्सने चुकीचा गिअर अगदी घट्ट धरला आहे. क्लचना दोष देण्याचे कारण नाही. एखादा सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीतील एखादा व्हॉल्व्ह अडकला आहे का ते पाहावे.

तिसऱ्या प्रसंगात आतला वेग १५७० वरून क्षणभर ३०० वर कोसळतो आणि लगेच परत येतो, तेवढ्यात गाडीला कसलाच झटका जाणवत नाही. कोणताही धातूचा दांडा चालत्या गाडीत इतक्या लवकर असा थांबून पुन्हा फिरू शकत नाही. ही तार आहे, किंवा सेन्सर. म्हणूनच ‘पी ०७१५’ आणि ‘पी ०७३२’ एकत्र आले असतील तर आधी सेन्सरचा कोड निकालात काढावा. जो आकडाच खोटा आहे त्यावरून काढलेल्या गुणोत्तराला अर्थ नसतो.

गाडीची गुणोत्तरे मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतात. ती एका कागदावर लिहून, बाजूच्या आसनावर बसलेल्या माणसाने स्कॅनर पाहायचा आणि चालकाने फक्त रस्ता पाहायचा, अशी चाचणी अर्ध्या तासात होते. चालकाने स्वतः गाडी चालवता-चालवता आकडे पाहू नयेत.

गाडी एकाच गिअरमध्ये का अडकते

गंभीर कोड आला की संगणक सोलेनॉइडची वीज तोडतो. वीज नसताना ऑइलचे मार्ग यांत्रिक रचनेने जसे उरतात, त्यानुसार एक ठरावीक गिअर लागतो. याला लिंप मोड म्हणतात. वर सांगितलेल्या क्रायसलरमध्ये दुसरा गिअर उरतो, ह्युंडाई आणि मित्सुबिशीच्या चार गिअरच्या गिअरबॉक्सेसमध्ये तिसरा, आणि टोयोटाच्या त्या पिढीतील अनेक गिअरबॉक्सेसमध्ये ‘डी’ला ठेवल्यावर चौथा. म्हणून टोयोटा सिग्नलवरून निघताना फारच जड वाटते. ती अक्षरशः चौथ्यात निघालेली असते. ‘गिअर पडत नाही’ असे वाटणारी ही अवस्था मोडतोड टाळण्यासाठी मुद्दाम घडवलेली असते. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाडी काही काळ सर्व गिअर व्यवस्थित घेत असेल, तर निदान क्लच आणि चक्रे अजून काम करीत आहेत असा अंदाज बांधता येतो.

लॉक-अपचा ‘पी ०७४१’

जुन्या गाड्यांमध्ये फार आढळणारा हा कोड आहे, आणि यावरच सर्वांत महागडे चुकीचे निर्णय होतात. गाडी साधारण सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगात आली, इंजिन तापलेले आहे, अशा वेळी संगणक लॉक-अपचा आदेश देतो. आदेशानंतर इंजिनाचे आरपीएम आणि आतल्या दांड्याचा वेग जवळजवळ एक व्हायला हवेत. तसे झाले नाही तर हा कोड येतो.

स्कॅनर नसतानाही एक प्राथमिक खूण मिळते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून टॅकोमीटरकडे, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या काट्याकडे, लक्ष दिले, तर शेवटचा गिअर पडून गेल्यानंतरही काटा आणखी दोन-तीनशेने खाली येताना दिसतो. तो लॉक-अप. मागे वाहन नसल्याची खात्री करून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचा पेडल फक्त दिवा लागेल इतकाच हलका दाबला, तर ब्रेकच्या स्विचमुळे लॉक-अप सुटतो आणि काटा वर जातो. हे दोन्ही बदल दिसले तर लॉक-अप लागतो आहे, आणि कोड अधूनमधून येणाऱ्या दोषाचा आहे. मुळीच दिसले नाहीत, तर स्कॅनरवर आधी एक प्रश्न विचारावा: आदेश दिला जातो आहे का? ब्रेकचा स्विच अडकून संगणकाला ब्रेक कायम दाबलेला वाटत असेल, किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकून इंजिन पुरेसे तापतच नसेल, तर आदेशच जात नाही. अशा वेळी ‘पी ०७४१’ऐवजी इंजिनाचा ‘पी ०१२८’ सापडण्याची शक्यता अधिक. गाडी वरच्या गिअरात मोकळी चालत नाही म्हणून गिअरबॉक्सवर संशय घेतला जातो, आणि दोष निघतो थर्मोस्टॅटचा.

आदेश जातो आहे, विद्युत मार्ग ठीक आहे, आणि तरीही दोन वेगांत अंतर राहते आहे, असे सिद्ध झाल्यावरच कन्व्हर्टरचा क्लच, लॉक-अपचा सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीतील त्याचा व्हॉल्व्ह यांच्याकडे यावे. या तिघांपैकी कन्व्हर्टर बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. उरलेले दोन बहुतेक गाड्यांमध्ये पॅन किंवा बाजूचे झाकण काढून हाती लागतात. तेव्हा क्रम कोणता असावा हे उघड आहे.

कोड न सांगणाऱ्या गोष्टी

ऑइलची पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब डळमळतो आणि गुणोत्तराचे कोड येतात. पातळी पाहण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि येथे गॅरेजमध्येही गफलत होते. टोयोटाच्या जुन्या गाड्यांमध्ये ऑइल तापलेले, गाडी सपाट जागी आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहायची असते. होंडात इंजिन तापवून बंद करायचे आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत पाहायचे असते. एकीची रीत दुसरीला लावली की पातळी चुकीची दिसते, आणि कमी दिसली म्हणून ओतलेले जादा ऑइलही फेसाळून त्रासच देते. टोयोटाला टाइप टी-फोर, होंडाला पूर्वी झेड-वन आणि नंतर त्याच्या जागी आलेले डीडब्ल्यू-वन, ह्युंडाईच्या चार गिअरवाल्यांना एसपी-थ्री अशी ऑइले नेमून दिलेली आहेत. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालते’ असे सांगून दिलेले ऑइल लॉक-अप क्लचच्या घर्षणाशी जुळले नाही, तर गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते. क्रायसलरच्या त्याच गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन या वेगळ्या जातीचे ऑइल भरल्यामुळे हा त्रास पुष्कळांनी भोगला.

ऑइल पांढऱ्या कागदावर टिपून पाहावे. तांबूस किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर क्लच तापले आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर गाडी चालवणे त्याच क्षणी थांबवावे: रेडिएटरच्या आत बसवलेला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे, आणि क्लचच्या प्लेटांवरील कागदासारखे अस्तर पाणी शोषून निखळू लागते.

बॅटरीही पाहावी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. इंजिन आणि बॉडी यांमधील अर्थची पट्टी गंजली असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम येतात. असे कोडचे झुंबड आलेले दिसले की भाग बदलण्याआधी अर्थिंग तपासावे. इंजिनाचे कोडही आधी सोडवावेत. इंजिन मिसफायर करीत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर त्याचा धक्का गिअरच्या धक्क्यासारखाच भासतो.

आपल्याकडे पावसाळ्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. लिव्हरची जागा सांगणारा स्विच गिअरबॉक्सच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला बसवलेला असतो. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की त्यात पाणी शिरते, आतल्या तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि ‘पी ०७०५’ येतो. गाडी ‘पी’ला सुरू होत नाही पण ‘एन’ला होते, रिव्हर्सचा दिवा कधी लागतो कधी नाही, डॅशबोर्डवरील अक्षर चुकीचे दिसते, या त्याच्या खुणा. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांनी वायरिंग कुरतडणे हेही तितकेच खरे कारण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्या काळातील ऑटोमॅटिक गाडी आज कोणी विकत घेणार असेल, तर गालिच्याखालील कनेक्टर उघडून पाहणे मी अत्यावश्यक मानतो. कनेक्टर साफ करताना मात्र सुई टोचून पिना रुंद करू नयेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, कोरडे होऊ द्यावे आणि पिन घट्ट बसते की नाही ते पाहावे.

स्कॅनर न लागणाऱ्या जुन्या गाड्या

नव्वदच्या दशकातील आणि त्यानंतरच्या काही जपानी गाड्या दिव्याच्या उघडझापीतून कोड सांगतात. होंडात ‘डी’ किंवा ‘डी-फोर’ हा दिवा लुकलुकू लागला, तर गिअरबॉक्समध्ये कोड आहे. सर्व्हिस चेक कनेक्टरच्या दोन पिना जोडल्यावर लांब उघडझाप दहाची आणि छोटी एककाची मोजायची. सात म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ए, आठ म्हणजे बी, नऊ आणि पंधरा हे वेगाच्या सेन्सरचे. टोयोटात ‘ओडी ऑफ’चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद असल्याचा, दिवा हेच काम करतो; तेथे ६२ आणि ६३ हे दोन शिफ्ट सोलेनॉइडचे आणि ६४ लॉक-अप सोलेनॉइडचा. पिना जोडण्यापूर्वी त्या मॉडेलची आकृती समोर असलीच पाहिजे. सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सोळाव्या पिनेवर बॅटरीची वीज कायम असते, आणि ती चुकून अर्थला जोडली तर निदान फ्यूज तरी जातोच.

दुरुस्तीनंतर

वायरिंग, सेन्सर, ऑइल आणि सोलेनॉइड तपासून झाले, गुणोत्तर खरोखरच भाराबरोबर तरंगते आहे, तर पॅन उघडावा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे वयाला धरून आहे. चमकणारे तुकडे, पितळी कण किंवा क्लचच्या अस्तराचा काळा गाळ जाडसर साचलेला असेल, तर गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही, आणि अशा वेळी केवळ ऑइल बदलून गाडी सावरेल या आशेवर खर्च करू नये. खोलण्यापूर्वी गेज लावून ऑइलचा दाब मोजून घेण्याचा आग्रह धरावा, म्हणजे पंप आणि क्लच यांपैकी दोष कोठे हे आधीच कळते.

काम झाल्यावर कोड पुसले की दिवा जातो, पण दोष गेला की नाही हे अजून ठरलेले नसते. तारेचा कोड असेल तर काही मिनिटांतच उत्तर मिळते. गुणोत्तराचा किंवा लॉक-अपचा कोड मात्र संगणकाने तीच परिस्थिती पुन्हा पाहिल्याशिवाय नोंदला जात नाही, आणि अनेक गाड्यांमध्ये तो लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लागतो. पहिल्या फेरीत तो फक्त ‘पेंडिंग’ या यादीत येतो. म्हणून फ्रीझ फ्रेमचा जो फोटो काढून ठेवला होता, त्यातला वेग आणि तापमान गाठून गाडी चालवावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, दुसऱ्या दिवशी तसेच पुन्हा करावे, आणि पेंडिंगची यादी रिकामी दिसल्यावरच गॅरेजचे उरलेले पैसे द्यावेत.